मुक्ताचं कॉलेज बघायला बंगळूरला

आमच्या घरातून आजवर लोक परगावी गेले ते देवदर्शनाला, लग्नाला आणि एकदा सासऱ्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला. कॉलेज बघायला कोणी गेलं नव्हतं. कॉलेज ही बघायची गोष्ट आहे हेच मला ठाऊक नव्हतं. आमच्या वेळी कॉलेजच आपल्याला बघायचं, आणि मार्क पाहून आत घ्यायचं किंवा परत पाठवायचं. पण यंदा बारावीनंतर माझ्या लेकीनं, मुक्तानं, दोन प्रवेश परीक्षा दिल्या, दोन मुलाखती दिल्या आणि बंगळूरच्या दोन कॉलेजांनी तिला 'या' म्हणून कळवलं. देशभरातून मूठभर पोरं घेणारी कॉलेजं ही. विषय दोन्हीकडे गणितच. एक कॉलेज भर शहरात, मल्लेश्वरममध्ये. दुसरं शहराच्या दक्षिणेला आनेकल गावाच्या पुढे, शेतांच्या मधोमध. गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत दोन्हींतली एक जागा पक्की करायची होती, नाहीतर दोन्ही हातच्या जाणार होत्या.

पुण्याचंही एक कॉलेज होतं आणि मुक्ताच्या बाबांचं मत पुण्याकडे होतं. त्यांचं म्हणणं, "पुण्याहून शनिवारी दुपारी निघाली की रात्री जेवायला घरी." त्यावर मुक्ता म्हणाली, "बाबा, मी शिकायला जाणार आहे, जेवायला नाही." तिथं पुणं संपलं.

मी सांगलीत ब्लाउज शिवते. बावीस वर्षं झाली. मला शिवणक्लासला घालायचं माझ्या वडिलांनी ठरवलं, मला न विचारता. धंदा चांगला चालला, पश्चात्ताप नाही, पण विचारलं असतं तर बरं वाटलं असतं एवढं मात्र आजही वाटतं. म्हणून गाडीत बसतानाच मी मनाशी ठरवलं, की दोन्ही कॉलेजं बघायची पण आपलं मत द्यायचं नाही. निवडायचं ते मुक्तानं. मला ओळखणाऱ्यांना हे ऐकून हसू येईल, कारण मत न देता मी साधी कोथिंबीरसुद्धा घेत नाही.

सोमवार, चामराजपेट

प्रवासाचं काही सांगत नाही. रात्रभर झोपलो आणि सकाळी उतरलो. उतरल्या उतरल्या हवेनंच मला जिंकलं. सांगलीत पदरानं घाम पुसत निघाले होते, इथं तोच पदर खांद्याभोवती लपेटून घेतला.

आमचा मुक्काम चामराजपेटेत, सुमित्राअक्कांकडे. अक्का म्हणजे माझ्या मावशीच्या जावेची मुलगी. त्यांच्या घरचे लोक पणजोबांपासून इथलेच, त्यामुळे घरात मराठी, दारात कन्नड आणि उंबऱ्यावर दोन्ही. त्यांचे यजमान, ज्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणते, घराखालीच दोरे, बटणं आणि लेस विकतात. सातशे तऱ्हेची बटणं असतील त्या दुकानात. कॉलेज राहिलं बाजूला, मी आधी तिथंच उभी राहिले.

"बसा ग स्वल्प," अक्का म्हणाल्या. "ऊटाला वेळ आहे. आधी तिंडी करा."

ऊट म्हणजे जेवण आणि तिंडी म्हणजे सकाळचं खाणं, हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं, कारण अक्कांच्या प्रत्येक वाक्यात यातलं एक तरी असतंच. तिंडीला चित्रान्न होतं. आपल्या फोडणीच्या भातात लिंबू पिळून शेंगदाणे जास्त घातले तर होईल तसं. वर कॉफी, एवढ्याशा स्टीलच्या पेल्यात. आमच्याकडे पाहुण्याला एवढीशी कॉफी दिली तर पाहुणा मनाला लावून घेईल. इथं ती दिवसातून चार वेळा देतात, म्हणजे हिशेब बरोबरच होतो.

संध्याकाळी अक्का आम्हाला जवळच्या बाजारात घेऊन गेल्या. कापडाच्या गल्ल्या बघून माझं भान हरपलं. एका दुकानात मला हिरवं रेशमी कापड दिसलं, कैरीच्या सालीचा असतो ना, तसला हिरवा. मी ते अंगठा आणि बोटात धरून चाचपलं आणि ठेवून दिलं. शेजारी एक भडक जांभळं होतं. त्याची मोडक्या हिंदीत तोंडभर स्तुती सुरू केली. रंग काय, चमक काय, आणि उठायला लागले. एवढ्यात अक्का म्हणाल्या, "अगं, तो हिरवा किती चांगला आहे. मघाशी तूच तर बघत होतीस." आणि तेच कन्नडमध्ये दुकानदारालाही सांगितलं. तो समजायचं ते समजला आणि भाव चढवून बसला.

बाहेर आल्यावर मुक्ता हसून हसून बेजार. "अक्का, आईला जे आवडतं त्याबद्दल ती बोलतच नाही. बोटांनी चाचपते आणि गप्प बसते. स्तुती सुरू झाली की समजायचं, ते तिला नकोय."

"हौदा?" अक्का म्हणाल्या. इकडे हे 'होय का' म्हणून विचारतात. "असं पण असतंय काय?"

"मी पाच वर्षांची असल्यापासून ओळखते," मुक्ता म्हणाली. मला पोरीचा अभिमान वाटला. हिरवं कापड मात्र महागात पडलं.

मंगळवार, मल्लेश्वरम

मल्लेश्वरमला मेट्रोनं जायचं होतं. माझी पिशवी यंत्रातून पलीकडे गेली आणि पहाऱ्यावरच्या बाईनं मला बाजूला घेतलं. पिशवीत माझी कात्री होती. ती नेहमीच असते. मी ती देवळातही नेते आणि लग्नातही, कुणाचा धागा कुठं लोंबेल सांगता येत नाही. बाई नम्रपणे पण ठामपणे म्हणाली, की कात्री मेट्रोत चालणार नाही. बावीस वर्षांची कात्री टाकून द्यायची तर त्यापेक्षा मी चालत गेले असते. शेवटी बाहेर बसलेल्या एका फुलवाल्या बाईंना मी खुणेनं विचारलं, संध्याकाळपर्यंत ठेवाल का. त्यांनी कात्री उघडझाप करून पाहिली, धार बघून मान डोलावली आणि टोपलीशेजारी ठेवली. एक शब्द समान नसताना असा व्यवहार सांगलीत कुणी केला असता का, याचा मी मेट्रोभर विचार केला.

आणि ते कॉलेज. दगडी इमारत, उंच छत, रुंद जिना आणि जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या. किती पोरं चढली-उतरली असतील. आवारात जुनी मोठी झाडं, त्यांच्याखाली पोरं-पोरी घोळक्यानं बसलेली, कुणी कन्नड, कुणी बंगाली, कुणी मल्याळी बोलत. एका पांढऱ्या केसांच्या प्राध्यापकांनी आम्हाला सगळं स्वतः फिरून दाखवलं. ग्रंथालय दाखवलं, तिथं गणिताच्या पुस्तकांचीच एक अख्खी खोली. जवळपासच्या संशोधन संस्थांमध्ये संध्याकाळी व्याख्यानं असतात आणि आमची मुलं चालत जाऊन ऐकतात, असं म्हणाले. मागच्या फाटकाबाहेर झेरॉक्स, औषधाचं दुकान, दवाखाना, इडलीवाला, शिवाय एक शिंपी. सगळं हाकेच्या अंतरावर.

मी काय सांगू, मला तिथून हलवेना. आपण न शिकलेलं सगळं शिक्षण त्या जिन्यावरून वर चाललंय असं वाटलं. गप्प राहायचं ठरवलेलं कुठल्या कुठे उडालं. "मुक्ता, किती छान खिडक्या आहेत. मुक्ता, ग्रंथालय बघितलंस का. मुक्ता, सर किती साधे आहेत." मी बोलतच सुटले. ती नुसती "हं" म्हणत होती. एकदा तिनं माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. मला वाटलं, उन्हामुळे.

नंतर आम्ही लोणी घातलेला दोसा खाल्ला. जाडसर, बाहेरून कुरकुरीत आणि आतून लुसलुशीत. मी त्याचीही स्तुती केली. परत येताना फुलवाल्या बाईंनी कात्री दिली आणि वर मोगऱ्याचा हातभर गजरा. दिवसभर त्यांनी तिनंच दोरे कापले होते. खुणेनं सांगितलं, कात्री फार चांगली आहे. मी गजरा मुक्ताच्या केसात घातला तेव्हा मला सगळं जग आपलंच वाटत होतं.

बुधवार, आनेकल

आनेकलची बस मार्केटजवळूनच मिळाली. आधी कितीतरी वेळ शहरच संपेना. काचेच्या इमारती, मग मोठमोठ्या सोसायट्या, मग कारखाने आणि रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या बायका. मग एकदम नाचणीची शेतं. आनेकलला उतरून पुढे ऑटो. ऑटोवाला आमचं हिंदी ऐकून म्हणाला, "कॉलेज? गणित?" आणि स्वतःच्या डोक्याला बोट लावून हसला. गणितवाल्यांबद्दल गावाचं मत कळलं.

कॉलेज नवं, दुमजली, बसकं. लांबलचक व्हरांडे. झाडं अजून माझ्या कमरेएवढी. एक बाई चपला फटफटवत पुढे आल्या. मला वाटलं ऑफिसातल्या असतील, तर त्या गणिताच्या प्राध्यापिका निघाल्या. दाखवणं-बिखवणं काही नाही. "मुलीला वर्गात बसू दे, तुम्ही जेवून घ्या," म्हणाल्या आणि मुक्ताला घेऊन गेल्या.

मेसमध्ये जेवायला रागी मुद्दे होतं. नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा, सोबत तिखट सार. मी घास घेऊन चावायला लागले. तो दातांना, टाळूला, सगळीकडे चिकटला आणि मला तोंड उघडता येईना. स्वयंपाकाच्या बाई लांबून बघत होत्या. त्या आल्या, एक तुकडा सारात बुडवला आणि न चावता गिळून दाखवला. मी सांगलीची, आमच्याकडे भाकरी चावून चावून खायला शिकवतात. तिसऱ्या घासाला जमलं आणि सगळ्या मेसनं माना डोलावल्या. मुद्दे खाल्ल्यावर भूक संध्याकाळपर्यंत फिरकली नाही.

पण जेवण झालं आणि मला तिथली शांतता जाणवायला लागली. माझ्याच बांगड्या मला ऐकू येत होत्या. वसतिगृहाची खोली पाहिली. पडदे घरी शिवलेले असावेत, तळ वाकडा. खिडकीतून शेत, पलीकडे आणखी शेत. दवाखाना आनेकलात. मुक्ताला ताप आला तर कोण बघणार, हिचं मन नाही रमलं तर ही कुठं जाऊन बसणार, असं काय काय मनात यायला लागलं. मला ते कॉलेज आवडलं नाही, सरळ सांगते. पण मंगळवारी जीभ सैल सोडली होती तेवढी पुरे, म्हणून ओठ घट्ट मिटून घेतले. पलंगावरची चादर उगीच बोटांनी चाचपत उभी राहिले. तेवढ्यात मुक्ता दारात आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, चादरीकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. परतीच्या बसमध्ये मीही बोलले नाही. अख्ख्या रस्त्यात मी फक्त तिकीट मागितलं.

घरी पोचलो तेव्हा अक्का घेवडा मोडत बसल्या होत्या. मुक्तानं हातपाय धुतले, फोन उघडला आणि सहज म्हणाली, "आई, आनेकलचं पक्कं करून टाकते."

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "का गं? तुला तेच आवडलं?"

"तुला आवडलंय ना."

"मला? कोण म्हणालं?"

"तू चकार शब्द बोलली नाहीस. चादर चाचपत होतीस. आणि मल्लेश्वरमला तर नुसती स्तुती चालली होती, ग्रंथालय छान, खिडक्या छान, सर छान. मला कळत नाही होय?"

अक्कांच्या हातातला घेवडा तसाच राहिला. मला हसावं की रडावं कळेना. बावीस वर्षं दुकानदारांना फसवायला जे केलं ते माझी पोरगी माझ्या तोंडावर वाचत होती, आणि मी तिला बाजारात नाही, तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या निवडीला घेऊन आले होते.

"अगं, ते कॉलेज आहे, कापड नव्हे," मी म्हणाले.

मुक्तानं फोन खाली ठेवला. "म्हणजे उलटं होतं? मग खरं सांग, तुला कुठलं आवडलं?"

जिभेच्या टोकावर आलं होतं. एवढा मोह मला कापडाचाही कधी झाला नसेल. "नाही सांगणार," मी म्हणाले. "तुला कुठलं आवडलं ते बोल."

तिनं अक्कांच्या पुढ्यातली घेवड्याची एक शेंग उचलून मोडली. मग हळूच म्हणाली, "मला माहीतच नाही. मी दोन्हीकडे तुझ्याकडेच बघत होते, आई. कॉलेज बघायचं राहूनच गेलं."

मला स्वतःचा असा राग आला की विचारू नका. तिला न विचारता कुणी काही ठरवू नये म्हणून मी एवढी लांब आले होते, आणि तिला न विचारता ठरवणारी मीच निघाले, तेही तोंड न उघडता.

"उद्या पाचपर्यंत वेळ आहे," मुक्ता म्हणाली. "मी सकाळी परत जाऊन येते. दोन्हीकडे. एकटी."

"एकटी? बेडा, बेडा, नको," अक्का म्हणाल्या. "अण्णांना पाठवते संगं."

"नको अक्का. अण्णा आले की मी अण्णांकडे बघीन."

गुरुवार

ती सकाळी सातला गेली. परक्या शहरात, परकी भाषा, आणि तिला साधं 'स्वल्प' आणि 'साकु' एवढंच कन्नड येत होतं. थोडं आणि पुरे. मी म्हणाले, एवढ्यावर बायका संसार करतात, तू दिवस काढशील.

माझे हात रिकामे राहू नयेत म्हणून अक्कांनी न शिवलेले नऊ ब्लाउजपीस काढून दिले. मी त्यांच्या जुन्या मशीनवर बसले. तिसऱ्या ब्लाउजला डावी बाही उजवीकडे लावली. असं माझ्या हातून क्लासमध्ये शिकतानाही झालं नव्हतं. उसवली आणि परत लावली.

दोन वाजता मुक्ताचा मेसेज आला, 'जेवले.' एवढाच.

"काय जेवली विचार की," अक्का म्हणाल्या. "मुद्दे म्हणाली तर आनेकल, दोसा म्हणाली तर मल्लेश्वरम. लगेच कळतंय."

मी विचारलं नाही. अक्कांना माझं हे गप्प बसणं मुळीच पटलं नाही.

चारला दहा मिनिटं असताना फोन वाजला. "आई, झालं. जागा घेतली."

"कुठली?"

"आनेकल."

माझा चेहरा अक्कांनी पाहिला, मुक्तानं नाही, हे बरंच झालं. मनातून मी खट्टू झाले, खोटं कशाला बोलू. पण तिचा आवाज. तो आवाज मी ती लहान असताना ऐकला होता, शाळेतून धावत येऊन दारातूनच काहीतरी सांगायची तेव्हा. धाप लागलेला, शब्द एकमेकांवर आदळणारे.

"आई, मल्लेश्वरमला मी सकाळी गेले. खरंच छान आहे ते, सगळं छान आहे. सरांनी पुन्हा सगळं दाखवलं. इथं कुणी मला काही दाखवलंच नाही. हातात खडू दिला."

"म्हणजे?"

"व्हरांड्यात भिंतभर फळे आहेत ना, त्यातल्या एकावर कुणीतरी गणित अर्धं सोडून ठेवलंय. खाली वेगळ्या अक्षरात दुसऱ्यानं पुढं नेलंय, मग तिसऱ्यानं. कुणी पुसत नाही. मी वाचत उभी होते तर एक मुलगी आली, इथल्याच गावातली, तिची आई कारखान्यात कामाला आहे. तिनं मला खडू दिला. आई, आम्ही तीनदा चुकलो. बाई मागून येऊन वाचून गेल्या, काही बोलल्या नाहीत. चौथ्यांदा एक ओळ बरोबर आली. एकच ओळ. पण ती आता तिथं राहील."

मला त्यातलं गणित काही कळलं नाही. बाकीचं सगळं कळलं.

"आता तरी सांग," ती म्हणाली, "तुला कुठलं आवडलं होतं?"

"मल्लेश्वरम," मी म्हणाले. "फार आवडलं होतं."

ती हसली. मग म्हणाली, "बरं झालं काल सांगितलं नाहीस. मी तेच घेतलं असतं." आणि लगेच, "पण तू तो फळा बघितलास ना काल? मेसकडे जाताना डाव्या हाताला."

त्या व्हरांड्यातून मी बुधवारी जाताना गेले होते आणि येताना आले होते. पडद्यांचा वाकडा तळ मला आठवत होता. दवाखाना किती लांब तेही आठवत होतं. फळा आठवत नव्हता.

"नाही गं," मी म्हणाले. "सांग, कसा आहे?"

अक्का कॉफीचा पेला घेऊन शेजारी येऊन बसल्या. मुक्ता सांगत राहिली. तिची एक बस गेली, दुसरी गेली, ती स्टँडवर उभी राहून मला ते सगळं कॉलेज इथून तिथवर सांगत होती, आणि मी काल अख्खा दिवस तिथं काढून आलेली बाई, पहिल्यांदाच आनेकल बघत होते.